धवळ्यावरची आवडाय

ही गोष्ट घडली तेव्हा आडखोलच्या खाडीवर पूल नव्हता, होड्यांना इंजिनं नव्हती आणि त्या सगळ्या किनाऱ्यावर कुठेही दीपगृह नव्हतं. फार वर्षं झाली त्याला. किती, ते कुणालाच सांगता येत नाही. पण आडखोलच्या कुणाही माणसाला आवडायबद्दल विचारा, तो आधी पश्चिमेला बोट दाखवील आणि मगच बोलायला लागेल.

पश्चिमेला, किनाऱ्यापासून पाच कोसांवर, समुद्रात एक खडक आहे. त्याला धवळा म्हणतात. त्यावर झाड नाही, विहीर नाही, मूठभर माती नाही. खाली काळा कातळ, आणि वरून पाखरांच्या विष्ठेने तो असा पांढरा झालेला की भर उन्हात त्याच्याकडे बघवत नाही. चैत्र लागला की तिथे पाखरं उतरतात. शिकलेले लोक त्यांना सुरय म्हणतात, कुरव म्हणतात. आडखोलात त्यांना नुसतं पाखरं म्हणतात, जणू जगात दुसरी पाखरंच नाहीत. हजारोंनी येतात. आभाळाचा तुकडा तुटून खडकावर पडावा तशी येतात. एका पाखराचं एकच अंडं. घरटं नाही, काडी नाही. कातळाच्या खळग्यात अंडं घालायचं आणि त्याच्यावर बसून राहायचं. वारा पश्चिमेचा असला की त्यांचा गलका पार गावच्या वाळूच्या पुळणीपर्यंत ऐकू येतो, असं म्हणतात.

त्या काळी आडखोलचे गाबीत, म्हणजे तिथले मासेमार, वैशाखात धवळ्यावर जात आणि टोपल्या भरभरून अंडी आणत. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. बाप जात होता म्हणून मुलगा जाई. आणि या कामात सगळ्यांत तरबेज होता पुताजी तांडेल. निसरड्या कातळावर तो अनवाणी पळे आणि एका दमात टोपली भरून खाली येई.

आवडी ही त्याच गावची सुईण. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला, मूल झालं नाही. पुताजी तिच्या नवऱ्याचा जोडीदार, म्हणून तो तिला वयनी म्हणायचा. बोलणं कमी, उंची बेताची, पण हात मोठे होते तिचे, आणि गरम. थंडीच्या दिवसांतसुद्धा तिचे हात गरम असत, असं म्हणतात. आडखोलात तेव्हा जी माणसं चालत-बोलत होती, त्यातल्या निम्म्यांना या जगात पहिला हात लागला तो तिचा.

पुताजीची मुलगी गोकुळा तीन खाड्या पलीकडच्या गावात दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. जमिनीवरून आणायचं तर तीन खाड्यांवर तीन होड्या पालटाव्या लागत आणि मधे सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळमाळावरची, दोन दिवसांची चढउतार. म्हणून पुताजी आपली उलांडीची, म्हणजे तोल राखायला बाजूला ओंडका बांधलेली, होडी घेऊन निघाला. पोरीचे दिवस भरत आलेले, तेव्हा त्याने आवडीलाही बरोबर घेतलं. बायकांनी होडीत बसू नये असं तेव्हा लोक मानत. पण सुईणीला कोण काय बोलणार?

जाताना समुद्र ताटासारखा सपाट होता. दुसऱ्या दिवशी गोकुळेला घेऊन ते परत फिरले. दुपारी मागे वळून पाहावं तर दक्षिणेचं आभाळ निळंकाळं झालेलं. पुताजीने शीड उतरवायच्या आत वारा आला. मृग लागायला अजून पंधरा-वीस दिवस होते, पण काही वर्षी वैशाखातच असा एक तडाखा येतो, आणि जुने लोक त्याला फार भितात. डोलकाठी मोडली. एक वल्हं गेलं. किनारा कुठे, कुणाला दिसेना. गोकुळा होडीच्या तळाशी पडून होती आणि आवडी तिच्यावर ओणवी होऊन, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून बसली होती. लाटांचं पाणी तिच्या पाठीवर फुटत होतं. अशा दोन दिवसांनंतर एक लाट आली, होडीला तिने उचललं आणि धवळ्यावर आणून आपटलं. उलांडी तुटून गेली, होडीच्या फळ्या उकलल्या. तिघंही जिवंत राहिली.

पुताजीने पोरीला वर ओढली आणि पुढे वाट काढायला निघाला. दहा पावलं गेला असेल नसेल, पाखरं त्याच्यावर कोसळली. चोचींनी त्याचं डोकं फोडलं. रक्त कानावरून वाहायला लागलं. तो हात डोक्यावर धरून खाली बसला.

“तू थंयच रव,” आवडी म्हणाली. “तुका ती वळखतत.”

मग ती एकटी वर चढली. दोन्ही हात तिने समोर धरले होते, उघडे, रिकामे, जसे बाळंतिणीच्या खोलीत जाताना सुईण धुऊन धरते. पाखरं तिच्या भोवती फिरली, ओरडली, पण एकाही पाखराने तिला चोच लावली नाही. जिथे तिचं पाऊल पडायचं तिथली पाखरं थोडी सरकत आणि पुन्हा आपल्या जागी बसत. पाखरांच्या त्या गर्दीतून आवडी वरपर्यंत गेली आणि परत आली, एकही अंडं न फुटता. पुताजी हे आपल्या डोळ्यांनी बघत होता. पुढे म्हातारपणी तो सांगायचा, की मी दर्यात पंचेचाळीस वर्षं काढली, पण अंगावर काटा आला तो त्या एका दिवशी.

खडकाच्या उगवतीच्या अंगाला एक गुहा आहे. तोंड एवढं बुटकं की रांगत जावं लागतं, आत मात्र देवळाएवढी उंच. तिच्या छताला पाकोळ्यांची, म्हणजे चिमणीएवढ्या काळ्या पक्ष्यांची, वस्ती. काळोखात त्या टिकटिक असा आवाज करत उडतात, हजारो जपमाळा कुणी एकाच वेळी ओढाव्यात तसा. तिथे आवडीने गोकुळेला निजवलं. गुहेच्या माथ्यावर पावसाचं पाणी साठलेली एक स्वच्छ खळगी तिला सापडली. पाण्याची सोय झाली. पण खायला काही नव्हतं.

“चार अंडी घेवन येतंय,” पुताजी म्हणाला. “पोरीच्या अंगात दोन जीव आसत.”

“वाऱ्यान घरंगळलेली आसतीत ती घेवन ये. बसलेल्याक हात लाव नको.”

“हजारांनी आसत, वयनी. चारांनी काय होतला?”

“एकेकीक एकच आसा,” आवडी म्हणाली. “तुझ्या पोरीकय एकच आसा.”

इतक्या वर्षांत अंडी पुताजीने टोपलीत मोजली होती. कुणाचं कोणतं, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. तो खडकाच्या कडेकडेने फिरला आणि वादळात घरंगळून फटीत अडकलेली तीन अंडी घेऊन आला. दोन गोकुळेला दिली, एक त्याने आवडीपुढे धरलं. आवडीने तेही गोकुळेलाच दिलं.

त्याच दिवशी दुपारी एक पाखरू चोचीत मासा घेऊन आपल्या पिल्लाकडे चाललं होतं, ते आवडीच्या डोक्यावरून गेलं आणि मासा तिच्या पदरात पडला. बोटाएवढा, चांदीसारखा, अजून वळवळणारा. थोड्या वेळाने दुसरा पडला. संध्याकाळपर्यंत पदर भरला, असं म्हणतात. कुणी म्हणतं सात पडले, कुणी म्हणतं सत्तर. मला सात पटतात. तिघांना एका दिवसाला सात पुरतात.

पाचव्या दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना, गोकुळेच्या कळा सुरू झाल्या. पोरगी अशक्त, उपाशी, दोन दिवस खारं पाणी अंगावर घेतलेली. मूल आडवं होतं. आवडीने किती वेळ खटपट केली ते तिलाच माहीत. पुताजी गुहेच्या तोंडाशी पाठ करून बसला होता आणि वर पाखरांचा गलका चालू होता. इतका की गोकुळेचं ओरडणं त्यात बुडून जात होतं. शेवटी मूल आलं. मुलगी होती. निळी पडलेली. ती रडली नाही.

आवडीने तिला उलटी धरली, पाठ चोळली, नाकातोंडातलं बोटाने काढलं, तोंडाला तोंड लावून फुंकलं. मूल हलेना. ती मुलीला घेऊन रांगत बाहेर आली आणि उजेडात उभी राहिली.

आणि पाखरं गप्प झाली.

एक नाही, दोन नाही, सगळीच्या सगळी, एकाच क्षणी. जो आवाज पाच दिवस एका पळासाठी थांबला नव्हता तो थांबला. नुसती लाट ऐकू येत होती. मग पंखांचाही आवाज न करता, अख्खा थवा खडकावरून उठला आणि पाण्याला लागून खोल समुद्राकडे गेला. धवळा उघडा पडला. पुताजीने जन्मात पहिल्यांदा तो तसा बघितला, नुसती अंडी, नजर पुरेल तिथवर अंडी आणि वर कुणी नाही. त्याला वाटलं, जीव घेऊन गेली ही पाखरं. आवडी हललीही नाही. मुलीला उराशी धरून, तिच्या पाठीवर आपला मोठा गरम हात ठेवून ती जिकडे पाखरं गेली तिकडे बघत राहिली.

मग लांबवर पाखरं वळली. पांढरी भिंत उभी राहावी तशी आभाळात उभी राहिली आणि सगळी मिळून ओरडत खडकावर परत आली. त्या आवाजाने कातळ हादरला. आणि त्या आवाजात, आवडीच्या हाताखाली, मुलगी रडली.

जुने तांडेल सांगतात की पाखरं अशी कधीकधी उठतात, का ते कुणालाच ठाऊक नाही. असेल. पण आडखोलात कुणाला विचारा, ते म्हणतील, त्या दिवशी पाखरं मुलीचा श्वास आणायला गेली होती.

मूल जगलं, बाळंतीण जगली. आता घरी जायचं कसं? होडी फुटलेली. मृग आठ-दहा दिवसांवर आलेला. एकदा पाऊस लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत धवळ्याकडे कुणी फिरकत नाही, हे पुताजीला माहीत होतं. तान्हं मूल तोवर तिथे टिकणार नाही, हे आवडीला माहीत होतं.

“पाखरां उठवूया,” पुताजी म्हणाला. “दिवसभर उठवत रवूया. माणूस गेल्याबिगर ती सारखी उठणत नाय. गावच्या डोंगरावरसून कोण तरी बघतलो.”

“दिवसभर उठवलस तर उन्हान अंडी शिजतली,” आवडी म्हणाली. “आणि घारी पिल्ला नेतली.”

“मग मी माझ्या नातीक हंय मराक सोडू?”

आवडीच्या जन्मात असं कोडं तिला कुणी घातलं नव्हतं. मग ती म्हणाली, “मी उठवतंय. सांजवेळी.”

सूर्य बुडायला आला आणि कातळ निवला, तशी ती वर गेली. मधोमध उभी राहिली. तिने हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली, ते पुताजीला ऐकू आलं नाही. मग तिने पदर एकदा हवेत फिरवला. पाखरं उठली, सरळ वर, गोल फिरत, मोठा खांब उभा राहावा तशी. बुडत्या सूर्याचा तांबडा उजेड खालून त्यांच्या पोटाला लागला आणि समुद्रातून आगीचा लोळ निघाल्यासारखं दिसलं. आवडीने शंभर आकडे मोजले आणि ती खाली बसली. ती बसली तशी पाखरंही बसली. असं तिने तीन संध्याकाळी केलं.

इकडे आडखोलात पुताजीचा धाकटा भाऊ भिकू रोज डोंगरावर जाऊन समुद्र न्याहाळत असे. पहिल्या संध्याकाळी त्याला वाटलं भास झाला. दुसऱ्या संध्याकाळी त्याने शेजाऱ्याला नेऊन दाखवलं. तिसऱ्या संध्याकाळी तो धावत खाली आला आणि गावकऱ्यांपुढे उभा राहिला.

“धवळ्यार माणूस आसा,” तो म्हणाला.

“दर्यो बंद झालो, भिकू,” गावकर म्हणाले. गावकर म्हणजे गावचे मानकरी, त्यांचा शब्द शेवटचा. “आता थंय जाणा म्हणजे मराणच.”

“माझो भाव मेलो काय जिवंत आसा, ता बघून येतंय,” भिकू म्हणाला. त्याच्याबरोबर चौघं निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मोठी होडी धवळ्याच्या आडोशाला पोचली. पण समुद्र फुगलेला. होडी कातळाला लावायची सोय नव्हती. भिकूने लांबूनच दोर फेकला. धवळ्यावर दोर बांधायला खुंटी नाही, झाड नाही. कुणीतरी तो धरून बसलं पाहिजे. आवडीने दोर कमरेभोवती घेतला, कातळाच्या भेगेत पाय रोवले आणि ती बसली.

“तू आधी जा, वयनी. दोर मी धरतंय,” पुताजी म्हणाला.

“पोर छातीक बांधून उडी घेवची आसा. माका ता जमाचा नाय,” ती म्हणाली. “जा तू.”

तिने आपल्या लुगड्याचा पदर फाडला आणि त्याने मुलीला पुताजीच्या छातीशी आवळून बांधलं. गोकुळा दोराला धरून उतरली. भिकूने तिला झेलली. मग पुताजीने लाट वर यायची वाट बघितली आणि उडी घेतली. पोचला. मुलगी रडत होती, म्हणजे ठीक होती. आता आवडीची पाळी.

तेवढ्यात वाऱ्याने दिशा पालटली. एक मोठा लोंढा आला आणि त्याने होडीला उचलून कातळाकडे ढकललं. दोर ताणलेला होता, होडी वळवता येईना. अजून एक तशी लाट आली असती तर होडी धवळ्यावर फुटली असती आणि आतली सातही माणसं गेली असती, वर ते चार-पाच दिवसांचं मूल. आवडीने ते पाहिलं. तिने कमरेचा वेढा सोडवला आणि दोर समुद्रात टाकला.

होडी मोकळी झाली. वल्ही मारून ती त्यांनी बाहेर काढली. पाऊस सुरू झाला. पुताजी परत उडी टाकायला निघाला होता, त्याला तिघांनी धरून ठेवला. गोकुळा ओरडत होती, “काकी, काकी.” पावसाच्या पडद्याआड आवडी उभी दिसत होती. तिने एक हात वर केला होता. ये म्हणत होती की जा म्हणत होती, याबद्दल होडीतल्या माणसांचं पुढे जन्मभर एकमत झालं नाही.

त्या वर्षी मृगाने उसंत दिली नाही. पंधरा दिवस सूर्य दिसला नाही. लाटा पुळण ओलांडून माडांच्या मुळापर्यंत आल्या. त्यात त्या उघड्या खडकावर बाई जिवंत असेल, असं कोण म्हणणार? महिना झाल्यावर गावाने ठरवलं की आता तिचं दिवसकार्य करावं. तिला कुणी नव्हतं, म्हणून पुताजी बसला. पिंड ठेवला. कावळा शिवेना. पुताजीने हात जोडले, तुझ्या मनात काय असेल ते करतो म्हणाला. भिकूने म्हटलं. गावकरांनी म्हटलं. दुपार टळली. समोरच्या माडावर कावळे ओळीने बसले होते आणि एकही खाली उतरत नव्हता. मग गोकुळा मुलीला घेऊन आली आणि पिंडासमोर उभी राहून म्हणाली, “उचला ता. माझी काकी मरूक नाय.”

गावकरांनी पिंड उचलायला सांगितला. पण जिवंत आहे म्हणावं तर जाता येत नाही. आडखोलच्या माणसांनी त्या पावसाळ्यात जेवताना मान वर केली नाही, असं म्हणतात.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला आणि त्याच पावली पुताजी, भिकू आणि चौघं धवळ्याकडे निघाले. पुताजीने बरोबर एक कोरं लुगडं घेतलं होतं. नेसवायला की पांघरायला, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. धवळा दिसला तेव्हा त्यांना तो ओळखू येईना. पावसाने धुऊन सगळा काळा झालेला. पाखरं पिल्लांना घेऊन निघून गेली होती. कुठेही आवाज नव्हता.

आणि उतरायच्या जागेपाशी आवडी उभी होती.

तिचे केस पांढरे झाले होते, मुळापासून टोकापर्यंत. तिथे गेली तेव्हा चाळिशीची होती ती. अंगावरची कातडी उन्हापावसाने काळवंडून कातळासारखी झाली होती. पण ती ताठ उभी होती, आणि तिचे हात नेहमीसारखे समोर होते. पुताजी कातळावर चढला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून पडला. तिने त्याला उठवला तेव्हा तिचे हात गरम होते.

“काय खाल्लस गो?” भिकूने विचारलं.

“तेनी दिला ता खाल्लंय,” ती म्हणाली.

त्या अडीच महिन्यांबद्दल ती याहून फारसं कधी बोलली नाही. म्हणून लोकच बोलतात. म्हणतात, लाटा खडकावरून जायला लागल्या तेव्हा ती गुहेत गेली आणि पाखरं गुहेच्या तोंडाशी पंखाला पंख लावून बसली, पाण्याचा थेंब आत येऊ दिला नाही. म्हणतात, वाऱ्याने फेकलेली पिल्लं ती उचलून ज्याची त्याच्यापाशी नेऊन ठेवायची, आणि हजारांत तिची कधी चूक झाली नाही. म्हणतात, शेवटचं पाखरू गेलं तेव्हा त्याने तिच्याभोवती सात फेरे घातले. खरं-खोटं मी कशाला सांगू? गोकुळेला मात्र तिने एकदा एक गोष्ट सांगितली आणि ती गोकुळेच्या तोंडून सगळ्यांनी ऐकली. ती म्हणाली होती, “माका एकदाय एकटा वाटूक नाय.”

तेव्हापासून तिला कुणी आवडी म्हटलं नाही. लहानथोर सगळे आवडाय म्हणायला लागले, म्हणजे आवडी आई. धवळ्यावर अंडी आणायला जायचं नाही, असा नियम तिने घातला नाही. तिने काही मागितलंच नाही. पण पुताजीने आपल्या अंड्यांच्या टोपल्या जाळल्या आणि बाकीचेही पुढच्या वैशाखात गेले नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत.

तिसऱ्या वर्षी मात्र वाईट दिवस आले. माघापासून जाळ्यात काही येईना. बांगडा नाही, तारली नाही. भात संपलं. माणसं माडाचे कोंब आणि कालवं खाऊन दिवस काढू लागली. चैत्र सरला तशी देवळात बैठक बसली. गावकर आवडायकडे वळून म्हणाले, “आवडाय, आमका धवळ्यार जावचा लागतला. पोरा उपाशी आसत. तू नको म्हण नको.”

आवडाय म्हणाली, “मी नाय म्हणणंय नाय. जावया. पण माका होडयेत घेया.”

तीन होड्या निघाल्या. नव्या टोपल्या विणल्या होत्या. भिकूही त्यात होता; त्याच्या घरी चार तोंडं होती. धवळ्यावर पोचले तेव्हा सकाळ होती आणि पाखरं खडकावर दाटीने बसली होती. आवडाय कडेला एका दगडावर बसली. तिने वर बघितलंही नाही. माणसं टोपल्या घेऊन चढली.

आणि पाखरं उठली नाहीत.

आजवर माणूस दिसला की ती उठत, आणि उठली की अंडी उघडी पडत, आणि मग नुसती वाकून उचलायची. त्या दिवशी एक पाखरू उठलं नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी चोच मारली नाही. माणसं जवळ गेली, अगदी पायाशी गेली. पाखरं माना वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिली. हजारो काळेभोर डोळे. माणसं थबकली. एकमेकांकडे बघायला लागली.

मग भिकू खाली बसला. त्याने मन घट्ट केलं आणि एका पाखराच्या पोटाखाली हात घातला. अंडं हाताला लागलं, ऊन ऊन. आणि त्याच्या बोटांच्या पाठीवर त्या पाखराचं काळीज धडधडत होतं. भीतीने ते उडत होतं. तरी पाखरू हललं नाही. त्याने अंग थोडं फुगवलं आणि भिकूच्या हातासकट अंडं पोटाखाली घेतलं.

भिकू किती वेळ तसा बसला होता ते ठाऊक नाही. त्याने हात काढला तेव्हा तो रिकामा होता. तो आवडायपाशी आला आणि म्हणाला, “चल, आवडाय. घराक जावया.” बाकीचे त्याच्या मागोमाग उतरले. रिकाम्या टोपल्या होड्यांत टाकल्या आणि निघाले.

अर्ध्या वाटेवर पाखरांचा एक थवा त्यांच्या डोक्यावरून पुढे गेला आणि वायव्येला जाऊन पाण्यात सूर मारायला लागला. पुताजी सुकाणूवर होता. तो टोपली घेऊन खडकावर चढला नव्हता, पण होडी त्यानेच आणली होती. त्याने बघितलं आणि होडी तिकडे वळवली. समुद्र तिथे तारलीने उकळत होता. जाळी फाटतील एवढी मासळी लागली. त्याआधी आडखोलच्या लोकांना पाखरांमागे जाऊन मासा शोधायचं ठाऊक नव्हतं, असं म्हणतात. आज सगळा किनारा तसंच करतो.

आवडाय पुष्कळ जगली. गोकुळेच्या मुलीच्या मुलीचं बाळंतपणही तिनेच केलं. मग एका चैत्रात, ज्या दिवशी धवळ्यावर पाखरं उतरली त्याच दिवशी, ती पडवीत बसल्या बसल्या गेली. तिला न्यायच्या वेळी पाखरांचा थवा खाडीवरून स्मशानापर्यंत आला होता. पाखरं कधी जमिनीवर येत नाहीत. त्या दिवशी आली. आणि तिच्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

चैत्र लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत आडखोलची होडी आजही धवळ्याला लागत नाही. दुसऱ्या गावची कुणाची लागताना दिसली तर आडखोलचे लोक भांडायला जात नाहीत. एक होडी जाते, लांब उभी राहते, आणि तिच्यातली माणसं काही न बोलता बघत राहतात. बहुतेक जण परत फिरतात.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मात्र आडखोलच्या बायका धवळ्यावर जातात. त्या दिवशी सुकाणूवर तेवढा पुरुष, बाकी होडीत सगळ्या बायका. ज्यांना त्या वर्षात मूल झालं त्या पुढे बसतात. खडक तेव्हा रिकामा असतो, धुतलेला असतो. गुहेच्या तोंडाशी त्या उभ्या राहतात आणि वर्षभरात गावात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव मोठ्याने घेतात. एक नाव घेतलं की थांबतात. गुहेतल्या पाकोळ्यांची टिकटिक ऐकू येते. मग पुढचं नाव. फुलं नाहीत, दिवा नाही, नवस नाही. आता मुलं तालुक्याच्या दवाखान्यात जन्मतात, कित्येक तर मुंबईत जन्मतात आणि गाव बघायच्या आधी चालायला लागतात. त्यांचीही नावं घेतात.

गेल्या वर्षी दोनच नावं होती. दोन नावांसाठी अकरा बायका पाच कोस गेल्या होत्या.